पार्लरवालीचा विमा आणि हातातलं सर्टिफिकेट

माधुरी_इचल

नमस्कार मंडळी. इचलकरंजीत माझं पार्लर आहे, यंदा अकरावं वर्ष. सुरुवात घराच्या पुढच्या खोलीत केली होती, आता भाड्याचा गाळा आहे आणि दोन मुली हाताखाली आहेत. एक गोष्ट घडली आणि तेव्हापासून झोप नीट लागत नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

गेल्या लग्नसराईत एक ओळखीच्या बाई हळदीच्या आदल्या दिवशी आल्या. मुलीचं लग्न होतं, घाई होती. आयब्रो, अप्पर लिप आणि हनुवटीचं वॅक्स सांगितलं. वॅक्स मी नेहमी आधी माझ्याच मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघते, तसं बघितलं. कोमट होतं. हनुवटीवर लावलं, पट्टी दाबली, ओढली. पट्टीवर केसांबरोबर कांद्याच्या सालीसारखा पातळ पापुद्रा आला. हनुवटीवर आठ आण्याएवढी जागा ओली, लाल, चकाकत होती. त्या ओरडल्या नाहीत, आरशात बघत राहिल्या. माझे हात गार पडले.

लगेच थंड पाण्याची पट्टी ठेवली आणि मीच स्कूटीवरून त्यांना त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, चेहऱ्याला काय लावता? तेव्हा कळलं की वांग जावेत म्हणून मेडिकलमधून आणलेलं एक मलम त्या दोन वर्षं रोज लावत होत्या. त्यात स्टिरॉइड होतं. कातडी पार पातळ झाली होती. मी विचारलं नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नव्हतं.

लग्नात त्या जखमेवर मेकअप करता आला नाही. आठ दिवसांनी त्यांचे दीर आले आणि ४० हजार मागितले. शेवटी १८ हजारांवर मिटलं. ती माझी भिशीची रक्कम होती, गाळ्याचं डिपॉझिट वाढवून द्यायला ठेवलेली. पैसे गेले त्याचं दुःख आहेच, पण त्या बाई रस्त्यात दिसल्या की मान फिरवतात, ते जास्त लागतं.

आता माझे प्रश्न. पार्लरवालीसाठी असा विमा असतो का, ज्यात आपल्या हातून कुणाला इजा झाली तर भरपाई मिळते? एजंटला विचारलं तर तो मेडिक्लेमच सांगत बसला. दुसरं म्हणजे, मी शिकले ते मावसबहिणीच्या पार्लरमध्ये दोन वर्षं काम करून. कागद म्हणाल तर एका खासगी क्लासचं तीन महिन्यांचं प्रमाणपत्र आहे, आणि तो क्लासही आता बंद झाला. विमा कंपनी असं सर्टिफिकेट मानते का? या वयात पुन्हा शिकायला जायचं तर कुठे?

विमाकाका_कोल्हापूर

माधुरीताई, सर्वसाधारण विम्याच्या कामात माझी २२ वर्षं झाली, दुकानं आणि छोटे कारखाने हेच माझं गिऱ्हाईक. तुम्ही लगेच डॉक्टरांकडे नेलंत हे फार चांगलं केलंत. विमा नंतर येतो, माणूस आधी.

आता नीट समजून घ्या, कारण 'पार्लरचा विमा' या दोन शब्दांत चार वेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात आणि एजंट लोक सोपी असेल ती विकून मोकळे होतात.

आग, पूर, शॉर्टसर्किट यात गाळ्यातलं सामान गेलं तर त्यासाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही पॉलिसी आहे. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना ती एकाच मसुद्यात द्यावी लागते, मालमत्ता ५ कोटींपर्यंत असली की त्यात बसते. पंचगंगेच्या काठावर राहणाऱ्यांना २०१९ आणि २०२१ चा पूर मी आठवून द्यायला नको. पण ही पॉलिसी खुर्च्या, आरसे, स्टीमर यांची. गिऱ्हाइकाच्या हनुवटीशी तिचा संबंध नाही.

दुसरी दुकानदारांची पॅकेज पॉलिसी. तिच्यात विभाग असतात: आग, घरफोडी, रोकड, काच, यंत्राची मोडतोड, आणि त्यातच 'सार्वजनिक दायित्व'. तुमच्या ओल्या फरशीवर कुणी घसरून पडलं आणि हात मोडला, तर हा विभाग कामाला येतो. इथेच लोक फसतात. दायित्व हा शब्द वाचला की वाटतं, झालं, सगळं आलं. पण बहुतेक पॉलिसींच्या अपवादांत व्यावसायिक सेवेतून झालेली इजा बाहेर ठेवलेली असते. म्हणजे गिऱ्हाईक खुर्चीपर्यंत चालत येताना पडलं तर विमा आहे, खुर्चीत बसल्यावर वॅक्सने भाजलं तर नाही.

तुम्हाला हवी आहे ती तिसरी, व्यावसायिक दायित्वाची. इंग्रजीत प्रोफेशनल इन्डेम्निटी म्हणतात. आपल्याकडे ती मुख्यतः डॉक्टर, सीए, आर्किटेक्ट यांच्यासाठी विकली जाते. ब्युटीशियनसाठी तयार छापील पॉलिसी एजंटच्या बॅगेत सापडणार नाही. ब्रोकरमार्फत मागणी टाकावी लागते किंवा पॅकेज पॉलिसीला उपचारातल्या इजेचं कलम लेखी जोडून घ्यावं लागतं. तोंडी 'होतंय की ताई' यावर विश्वास ठेवू नका. कलम छापून आलं तरच ते आहे.

चौथी गोष्ट हाताखालच्या मुलींची. वॅक्सच्या हीटरने मुलीचा हात भाजला तर मालक म्हणून जबाबदारी तुमची. दहा किंवा जास्त कामगार असले की ईएसआयसी, म्हणजे सरकारी कामगार विमा, लागू होतं, तुमच्याकडे दोनच आहेत म्हणून त्यांचा विमा वेगळा घ्यावा लागेल. किमान बँकेतून प्रधानमंत्री सुरक्षा विमा तरी काढून द्या. वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला २ लाख, अंशतः अपंगत्वाला १ लाख. स्वतःचाही काढा. भाजण्या-कापण्याचा दवाखान्याचा खर्च त्यात मिळत नाही हे मात्र मुलींना सांगून ठेवा.

एक_गिऱ्हाईक

मी गिऱ्हाइकाच्या बाजूने लिहिते. माझ्या बहिणीला केसांच्या डायने चेहरा सुजून दोन दिवस दवाखान्यात राहावं लागलं होतं. पार्लरवालीने कानामागे थेंबभर लावून बघायचे कष्ट घेतले नव्हते. "रोज दहा जणींना लावते, काही होत नाही," हे तिचं उत्तर. माधुरीताई, तुम्ही चांगल्या वाटता, पण 'त्यांनी सांगितलं नव्हतं' हे वाक्य मला खटकलं. काय सांगायचं असतं हे आम्हाला कुठे माहीत असतं? मलमाचा आणि वॅक्सचा संबंध असतो हे मला आज हा धागा वाचून कळलं.

माधुरी_इचल

ताई, तुमचं बरोबर आहे. विचारायचं काम माझं होतं. मलाही तेव्हा माहीत नव्हतं, आणि अकरा वर्षं काम करून माहीत नव्हतं, हेच मला जास्त टोचतं.

निदेशक_बाई

मी शासकीय आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीची निदेशक आहे. माधुरी, तुमचा शेवटचा प्रतिसाद वाचून लिहायला बसले.

आपल्या राज्यात पार्लर उघडायला शिक्षणाचा कुठलाही दाखला लागत नाही. दुकाने व आस्थापना कायद्याखाली गुमास्ता काढला, पालिकेचं काही असेल ते पूर्ण केलं की दार उघडं. हे परवाने जागा बघतात, हात कुणी बघत नाही. त्यामुळे तीन दिवसांचा ऑनलाइन कोर्स केलेली मुलगी आणि वर्षभर घासलेली मुलगी यांच्या पाटीवर एकच 'ब्युटीशियन' लिहिलेलं असतं. मला याचा मनापासून त्रास होतो, कारण पहिलीच्या चुकीने दुसरीचं नाव जातं.

आमचा आयटीआयचा कोर्स एक वर्षाचा, दहावी पास मुलींना प्रवेश, शेवटी राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळतं आणि ते देशभर चालतं. पहिले काही आठवडे मुली कंटाळतात, कारण मी त्यांच्या हातात धागाही देत नाही. त्वचेचे थर, नखाची रचना, निर्जंतुकीकरण, प्रथमोपचार. "बाई, आयब्रो कधी?" हा प्रश्न रोज येतो. पण तुमच्या हनुवटीच्या प्रसंगाचं उत्तर त्याच कंटाळवाण्या आठवड्यांत आहे.

गोरेपणासाठी आणि वांगासाठी जी मलमं सर्रास लावली जातात, त्यांतल्या अनेकांत तीन औषधं एकत्र असतात: स्टिरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन. स्टिरॉइड कातडी पातळ करतं, ट्रेटिनॉइन वरचा थर सैल करतं. अशा कातडीवरून वॅक्सची पट्टी ओढली की ती केसापाशी थांबत नाही. वॅक्सचं तापमान अगदी बरोबर असलं तरी. म्हणून मनगटावरच्या चाचणीने तुम्हाला काही कळलं नाही, ते मनगट तुमचं होतं. २०१८ मध्ये सरकारने अशी स्टिरॉइडची मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली, तरी काउंटरवर काय चालतं ते तुम्ही बघितलंच आहे. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तरीही वॅक्स नाही, आणि गोळ्या बंद केल्यावर निदान सहा महिने नाही. तिथे धागा वापरायचा किंवा सरळ नाही म्हणायचं.

डायचं वरच्या ताईंनी लिहिलंच. काळ्या डायमध्ये पीपीडी नावाचं रसायन असतं. त्याची चाचणी ४८ तास आधी करायची, कारण ती ॲलर्जी उशिरा उठते. खुर्चीत बसवून दहा मिनिटांत केलेली चाचणी निरुपयोगी. आणि आधी दहा वेळा सोसलं म्हणून अकराव्यांदा सोसेलच असंही नसतं, ही ॲलर्जी मध्येच कधीही सुरू होते.

आता तुमच्या वयाचं आणि कागदाचं. वर्षभर गाळा बंद ठेवून आयटीआयला येणं तुम्हाला परवडणार नाही. तुमच्यासारख्यांसाठी 'पूर्वज्ञानाची मान्यता' असा मार्ग आहे, केंद्रावर आरपीएल म्हणून विचारा. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेखाली हे काम होतं. थोड्या तासांची उजळणी, मग लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा. ब्युटी अँड वेलनेस क्षेत्राच्या कौशल्य परिषदेने 'सहायक ब्युटी थेरपिस्ट' आणि 'ब्युटी थेरपिस्ट' अशा पायऱ्या ठरवल्या आहेत, राष्ट्रीय कौशल्य पात्रतेच्या शिडीवर पहिली तिसऱ्या स्तराची, दुसरी चौथ्या. तुमचा अनुभव बघता दुसऱ्या पायरीचंच विचारा. यात नवीन शिकवणं कमी आणि येतं ते तपासणं जास्त असतं, म्हणून त्वचेचा भाग वेगळा वाचून काढा. माझ्याकडचे मराठी टिपणांचे कागद मी इथे चढवते.

स्कूटीवरचं_पार्लर

मी पुण्यात ॲपवरून घरोघरी जाऊन काम करते. आम्हाला कंपनीने ट्रेनिंग दिलंय आणि विमा आहे असं सांगितलंय, पण पॉलिसीचा कागद कधी दाखवला नाही. काका, तो विमा माझा की गिऱ्हाइकाचा की कंपनीचा? आणि ॲपच्या बाहेर ओळखीतल्या बायकांची कामं करते तेव्हा काय?

विमाकाका_कोल्हापूर

ताई, कंपनीकडे लेखी मागा. पॉलिसीच्या पहिल्या पानावर 'विमाधारक' म्हणून कुणाचं नाव आहे आणि तुम्ही त्यात कोणत्या शब्दाने येता, एवढं बघायचं. अपघात विमा असेल तर तुम्ही स्वतः जायबंदी झालात तरच पैसे. गिऱ्हाइकाला इजा झाली तर दायित्वाचं कलम वेगळं लागतं. ॲपबाहेरचं काम कंपनीच्या पॉलिसीत येणार नाही हे धरूनच चाला.

हाउन्स्लोकर

मी मूळची साताऱ्याची, १४ वर्षं लंडनच्या पश्चिमेला हाउन्स्लोत आहे. इथे हातात धागा असलेल्या आपल्या बायका गल्लोगल्ली दिसतील. इकडची रीत सांगते, त्यातून काही उपयोग झाला तर बघा.

इथेही सगळ्या देशासाठी मिळून ब्युटीशियनचा एक परवाना नाही. पण लंडनमध्ये १९९१ च्या कायद्याखाली मसाज, मॅनिक्युअर, कान टोचणं अशा कामांच्या जागेला स्थानिक कौन्सिलचा खास परवाना लागतो आणि ते देताना काम करणाऱ्या प्रत्येकीची पात्रता बघतात. एक जरी नोकर ठेवला तर मालकाच्या दायित्वाचा विमा सक्तीचा, १९६९ च्या कायद्याने, तोही किमान ५० लाख पौंडांचा. गिऱ्हाइकाच्या इजेचा विमा कायद्याने सक्तीचा नाही, पण त्याशिवाय सलूनमध्ये कुणी खुर्ची भाड्यानेही देत नाही.

आणि तो विमा प्रत्येक उपचाराला वेगळं प्रमाणपत्र मागतो. मी भारतातून डिप्लोमा घेऊन आले होते, त्यावर नुसतं 'ब्युटी पार्लर कोर्स, श्रेणी अ' लिहिलं होतं. विमावाल्या बाईंनी फोनवर विचारलं, यात वॅक्सिंग होतं का, किती तास, परीक्षा कुणी घेतली? माझ्याकडे उत्तर नव्हतं. सहा वर्षांचा हात आणि तो दाखवायला एक ओळ नाही. त्या रात्री मी रडले होते. मग इथे कामं करत एनव्हीक्यूची, म्हणजे इकडच्या राष्ट्रीय व्यवसाय पात्रतेची, दुसरी पातळी केली, नंतर तिसरी. ज्या मुलींना पुढे परदेशात यायचं असेल त्यांनी सिडेस्कोचा विचार करावा. सौंदर्योपचारांचा डिप्लोमा देणारी १९४६ पासूनची आंतरराष्ट्रीय संस्था, मुख्यालय झुरिकला, भारतात तिच्या मान्यतेच्या शाळा आहेत. खर्च मात्र बराच येतो, तो आधी विचारा. ते नसेल तर निदान आपल्या क्लासकडून विषय आणि तास लिहिलेलं गुणपत्रक घेऊनच बाहेर पडा. क्लास बंद पडला की कुणी देत नाही.

इथल्या माझ्या मैत्रिणीचा दावा एकदा नामंजूर झाला. पापण्यांना रंग लावला होता, डोळे सुजले. तिने चाचणी केली होती, मी शेजारी उभी होते. पण कार्डावर तारीख लिहिली नव्हती. विमावाल्यांच्या लेखी ती चाचणी झालीच नाही.

ग्राहकन्याय

वकिली करतो, ग्राहक आयोगातली प्रकरणं बघतो. दोनतीन गोष्टी.

पार्लरची सेवा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात येते. घटनेपासून दोन वर्षांत तक्रार करता येते, जिल्हा आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. म्हणजे गिऱ्हाइकाला दार उघडंच आहे. दिल्लीतल्या एका मोठ्या हॉटेलातल्या सलूनचं प्रकरण वाचलं असेल, २०१८ मध्ये केस चुकीचे कापले म्हणून. राष्ट्रीय आयोगाने २०२१ मध्ये २ कोटींची भरपाई दिली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रक्कम बाजूला ठेवून प्रकरण परत पाठवलं, कारण नुकसानीचा आकडा पुराव्याने सिद्ध व्हायला हवा. दोन्ही बाजूंनी यातून घ्यायचं ते हेच की कागद लागतात. गिऱ्हाइकाला दवाखान्याची बिलं लागतात, पार्लरवालीला तिची नोंद.

काही पार्लरमध्ये हल्ली 'काही झाल्यास आमची जबाबदारी नाही' यावर सही घेतात. निष्काळजीपणा झाला असेल तर त्या ओळीला आयोगापुढे फारशी किंमत नाही. त्यापेक्षा 'कोणती औषधं चालू आहेत, चेहऱ्याला काय लावता, आधी कशाची ॲलर्जी आली होती' हे विचारून उत्तरासकट सही घ्या. त्या कागदावरून दिसतं की तुम्ही काळजी घेतली.

माधुरीताई, १८ हजार देताना काही लिहून घेतलंत का?

माधुरी_इचल

नाही हो. देवघरासमोर बसून दिले, चहा केला.

विमाकाका_कोल्हापूर

वकीलसाहेबांच्या प्रश्नाला जोडून महत्त्वाचं. विमा असता आणि तुम्ही असे परस्पर पैसे दिले असते, तर कंपनीने दावा नाकारला असता. दायित्वाच्या पॉलिसीत अट असते की कंपनीला न विचारता चूक कबूल करायची नाही आणि तडजोड करायची नाही. त्यामुळे काही घडलं की आधी माणसाला दवाखान्यात न्या, विचारपूस करा, माणुसकीने वागा. पैशाचा शब्द देण्याआधी कंपनीला लेखी कळवा. आपल्या लोकांना हे फार जड जातं, कारण आपण चहावर मिटवणारी माणसं.

प्रस्ताव अर्जाचंही सांगतो. त्यात तुम्ही करता त्या सगळ्या सेवा लिहा. लेझर, केमिकल पील, मायक्रोनीडलिंग करत असाल आणि अर्जात फक्त 'फेशियल' लिहिलं असेल, तर त्या दिवशी पॉलिसी असून नसल्यासारखी. बोटॉक्स-फिलर तर डॉक्टरचंच काम, त्याला हात लावू नका. सर्टिफिकेट नसेल तर नाही म्हणून लिहा, अनुभव किती वर्षांचा ते लिहा. खोटं लिहून मिळालेला विमा दाव्याच्या वेळी हातातून निसटतो. आणि ही पॉलिसी दरवर्षी न चुकता नव्याने घ्या, कारण यात दावा येईल त्या दिवशी पॉलिसी जिवंत लागते. यंदा वॅक्स केलं, पुढच्या वर्षी हप्ता भरला नाही आणि तेव्हा नोटीस आली, तर काही मिळत नाही.

दावा चुकीचा नाकारला असं वाटलं तर विमा लोकपाल आहे, मुंबईत आणि पुण्यात कार्यालय आहे. एकटीच्या मालकीचा छोटा धंदा असला तरी तिथे जाता येतं आणि फी लागत नाही.

माधुरी_इचल

सगळ्यांचे मनापासून आभार. दीड महिना झाला, काय काय केलं ते लिहिते.

काकांनी सांगितल्याप्रमाणे ब्रोकरकडे मागणी टाकली. दोन कंपन्यांनी 'ब्युटी' शब्द बघूनच नकार दिला. तिसरीने प्रश्नांचं एक पान पाठवलं: कोणत्या सेवा, किती वर्षं, कोणाचं प्रमाणपत्र, ॲलर्जी चाचणीची नोंद ठेवता का, मागच्या तीन वर्षांत तक्रार आली का. शेवटच्या प्रश्नाला मी हनुवटीचा प्रसंग जसा घडला तसा लिहिला. परवा उत्तर आलं. दुकानाच्या पॅकेजला उपचाराचं कलम जोडून देतील, केमिकल पील वगळून, आणि अट अशी की प्रमाणपत्र सहा महिन्यांत सादर करायचं. पील मी तशीही करत नव्हते.

वही सुरू केली, दोनशे पानी. नाव, तारीख, चालू औषधं, चेहऱ्याला काय लावता, चाचणी कुठे केली आणि ४८ तासांनी काय दिसलं. पहिल्या आठवड्यात बायका वैतागल्या. एक काकू म्हणाल्या, पार्लर आहे की तहसील ऑफिस. मग मी त्यांना निदेशक बाईंनी लिहिलेलं मलमाचं वाचून दाखवलं. त्यांनी पर्स उघडली आणि एक ट्यूब माझ्या टेबलावर ठेवली, "हे बघ गं, यात ते आहे का?" होतं. त्या दिवशी त्यांचा फक्त धागा केला आणि डॉक्टरांचा नंबर दिला.

दोन्ही मुलींचा २० रुपयांचा विमा काढला. त्या बाईंच्या घरीही जाऊन आले. डाग आता फिका झालाय. आत बोलावलं.

आरपीएलला नाव घातलंय, पुढच्या गुरुवारी प्रात्यक्षिक आहे. निदेशक बाई, परीक्षेला मॉडेल आपणच न्यायची असते का? माझी धाकटी जाऊ यायला तयार आहे.

निदेशक_बाई

बहुतेक ठिकाणी आपणच न्यायची असते, तरी केंद्रावर फोन करून विचारून घ्या. हातात बांगड्या नकोत, नखं कापलेली, केस बांधलेले. जाऊबाईंची चाचणी मंगळवारी करा, वहीत लिहा आणि ती वही बरोबर घेऊन जा.